पाइपची तंबाखू मुरते कशी?

ब्रिटन-अमेरिकेत पाइप ओढणाऱ्या शौकिनांच्या कपाटात काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येकीवर मिश्रणाचे नाव आणि बरणी भरल्याची तारीख. काही बरण्या पाच-दहा वर्षे उघडायच्याच नसतात. लोणच्यासारखी पाइपची तंबाखूही मुरते आणि मुरताना तिचा कडकपणा उतरून गोडवा पुढे येतो. मात्र मूळ माल तसा हवा. कुठले पान मुरेल, हे ते शेतातून आल्यावर कसे वाळवले यावर ठरते.

व्हर्जिनिया जातीचे पान बंद कोठारात, धूर न लागू देता, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर साधारण आठवडाभरात वाळवतात. पान पिवळे पडताना त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि पान लगेच सुकल्याने ती आतच राहते. मुरण्याचे भांडवल ते हेच. बंद डब्यात ही साखर आणि पानातली अमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड अभिक्रिया अगदी संथपणे चालू राहते. पिवळसर पान वर्षागणिक गडद तपकिरी होते, जिभेला झोंबणे कमी होते, सुक्या फळांसारखा वास येऊ लागतो.

बर्लीचे पान हवेशीर कोठारात कित्येक आठवडे टांगून वाळवतात. तेवढ्या वेळात पानातल्या पेशी जवळजवळ सगळी साखर संपवतात, म्हणून बर्ली ठेवून फारशी बदलत नाही. सायप्रसची लाताकिया लाकडाच्या धुरीवर तयार होते. तिचा धुरकट वास वर्षांबरोबर मवाळ होतो. तो ठसकाच हवा असेल, तर ती ताजी वापरलेली बरी. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्यात पेरीक बनते. तिची पाने लाकडी पिंपांत जोराने दाबून, अधूनमधून काढून पुन्हा भरून, वर्षभर आंबवतात. व्हर्जिनियात थोडी पेरीक घातलेली मिश्रणे मुरवणाऱ्यांच्या विशेष आवडीची. वरून सुगंध दिलेली तंबाखू मात्र ठेवून सुधारत नाही, कारण तिचा तो वासच आधी उडतो.

कारखान्याचा हवाबंद डबा शाबूत असेल, तर तो उघडूच नये. पत्र्याला गंजून बारीकसे भोक पडले तरी आतला माल सुकतो, म्हणून डबे ओलसर भिंतीपासून दूर ठेवावेत. सुटी तंबाखू काचेच्या बरणीत भरावी. जॉन मेसन यांनी १८५८ मध्ये पेटंट घेतलेली फिरकीच्या झाकणाची बरणी अमेरिकेत आजही या कामी वापरतात. भरण्याआधी चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून पाहावी. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, चुरा झाला तर कमी. दाब सोडल्यावर हळूहळू मोकळी होणारी तंबाखू भरायला योग्य. पान हवेतली ओल पटकन ओढते, त्यामुळे मुंबई-कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. बरण्या लहान घ्याव्यात, कारण झाकण उघडले की दर वेळी वास जातो आणि ओल बदलते. जागा अंधारी, फार गरम न होणारी हवी. फ्रिज नको, तिथे पाणी सुटते. सिगारसाठीची दमट पेटीही नको. तिच्यातली ओल पाइपच्या तंबाखूला जास्त होते आणि बुरशी धरते.

मुरलेल्या व्हर्जिनियावर कधी चमकदार स्फटिक दिसतात. तो बिघाड नव्हे. कापसासारखी लव आणि कुबट वास असेल, तर ती बुरशी. मग अख्खी बरणी टाकावी, वरचे काढून उरलेले ठेवू नये.

मुरलेली तंबाखू सौम्य लागते, म्हणून ती कमी घातक, हा समज मात्र मनातून काढायलाच हवा. मुरताना निकोटिन नाहीसे होत नाही. उष्ण, दमट जागी साठवलेल्या पानात नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये वाढूही शकतात. टार आणि कार्बन मोनॉक्साइड तर पान पेटल्यावर तयार होतात. त्यामुळे पान कितीही वर्षे जपून ठेवले, तरी त्याच्या धुराबरोबर तोंडाच्या, घशाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका येतोच.