पॅनेलची चावी

सकाळच्या कर्जत-खोपोली गाडीने पळसदरी सोडले, की मामांचे कारखाना-पुराण सुरू होते. मामा खालापूर तालुक्यातील एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत. गेल्या वर्षी तेथे नवे यंत्र घ्यायचे ठरले. दोन कंपन्यांची दरपत्रके आली. साहेबांनी विचारले, "संगणकी घुसखोरीचा धोका कोणाच्या यंत्राला कमी?"

मामांनी हा प्रश्न माझ्यापुढे टाकला. मी पडलो अर्थशास्त्राचा विद्यार्थी! तरी जाहीर झालेले दोष मोजले. पहिल्या कंपनीच्या नावावर पानेच्या पाने, दुसरीच्या नावावर एकही नाही. म्हटले, दुसरी घ्या.

मामा हसले. "अरे, ज्या दवाखान्यात रक्तच तपासत नाहीत, तिथे मलेरिया सापडेल कसा?"

आजचे यंत्र म्हणजे नुसते लोखंड नव्हे. त्याच्या पॅनेलमध्ये पी. एल. सी. नावाचा छोटा संगणक असतो. मोटर केव्हा फिरावी, झडप केव्हा मिटावी, हे तो ठरवतो. २०१० साली उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने इराणमधील नतान्झ येथे सीमेन्सच्या अशाच पी. एल. सी.च्या आज्ञा बदलून सेंट्रिफ्यूज बिघडवले. पडद्यावर मात्र सारे आलबेल! आज हीच कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या मालातील दोष आणि त्यांवरील उपाय स्वतः जाहीर करते. साहजिकच यादी वाढते. केवळ यादी मोजणाऱ्याला प्रामाणिक माणूसच गुन्हेगार वाटणार.

शिवाय धोका सगळाच कंपनीच्या घरचा नसतो. २०१७ साली सौदी अरेबियातील एका रसायन कारखान्यात श्नायडरच्या ट्रायकोनेक्स या सुरक्षा-नियंत्रकावर हल्ला झाला. नियंत्रकात दोष होताच. पण त्याला एक खरीखुरी चावीही असते. ती एरवी 'रन'वर ठेवायची, तेथे ती 'प्रोग्रॅम'वर राहिली होती. आता तुलना कोणाची करायची?

शेवटी मामांनी दोन्ही कंपन्यांना लेखी विचारले: दोष कळल्यावर आम्हाला किती दिवसांत कळवाल? दुरुस्ती किती वर्षे पुरवाल? तुमचा इंजिनिअर दुरून यंत्रात शिरणार, तर कोणाच्या परवानगीने? दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. यंत्र वीस-वीस वर्षे चालते; मायक्रोसॉफ्टने मात्र विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ सालीच थांबवली, आणि मामांच्या एका जुन्या यंत्रावर ती अजून नांदते आहे!

पहिल्या कंपनीने चार पानी उत्तर धाडले. दुसरीने एकच ओळ: "आमच्या यंत्रांत दोष नसतात." मामांनी ती ओळ तशीच साहेबांपुढे ठेवली.

त्याच आठवड्यात मामांनी जुन्या पॅनेलच्या दारावर डकवलेली पासवर्डची चिठ्ठीही काढली. ती कोणी डकवली होती, हे मात्र खोपोली आली तरी त्यांनी सांगितले नाही.