घाट उतरताना ब्रेक का तापतो?

थंडीच्या दिवसांत आपण तळहातावर तळहात चोळतो. जितके दाबून चोळावे तितकी ऊब लवकर येते. मोटारीचा ब्रेक नेमके हेच करतो. चाकाबरोबर एक लोखंडी ड्रम फिरत असतो. पायाखालचा ब्रेक दाबला की त्याच्या आतले दोन 'शू' बाहेर सरकतात आणि त्यांच्यावर बसवलेले लायनर ड्रमला घासू लागतात. या घर्षणाने चाक मंदावते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन पॅडच्या चिमटीत सापडते, तत्त्व तेच.

आता तुम्ही विचाराल, गाडीचा वेग गेला कुठे? ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे फक्त रूप पालटते. गतीची सारी ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये आणि लायनरमध्ये शिरते, आणि तिथून हवेत जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. चांगल्या, कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटार ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरांत थांबत असेल, तर ताशी ८० च्या वेगाने तिला ३६ मीटर लागतील.

सपाटीवर ब्रेक एकदा दाबला की काम संपते, आणि ड्रमला निवायला वेळ मिळतो. घाटात तसे नाही. तिथे गाडी पृथ्वीच्या ओढीने सारखी वेग घेऊ पाहते. समजा, भरलेल्या ट्रकचे वजन १० टन आहे आणि तो ३०० मीटर खाली उतरतो आहे. केवळ ब्रेकच्या जोरावर वेग आवरला, तर जी उष्णता निर्माण होईल तिच्यात सुमारे १०० लिटर पाण्याला उकळी फुटेल! एवढी उष्णता थोड्या वेळात त्या चार-सहा ड्रमांनी सोसायची असते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून दाखवावा. एका विटेला दोरी बांधून ती ताणकाट्याने टेबलावरून ओढा. आधी आडवी ठेवून, मग कडेवर उभी करून. दोन्ही वेळा काटा जवळजवळ सारखेच बळ दाखवील. टेकलेल्या पृष्ठभागाच्या लहान-मोठेपणावर घर्षण अवलंबून नसते, हा नियम फ्रान्समधील आमोंताँ यांनी १६९९ साली मांडला. मग ट्रकचे ड्रम एवढे मोठे कशाला? बरेचसे या उष्णतेसाठी! धातू जास्त, म्हणजे उष्णता सामावून घ्यायला जागा जास्त. पृष्ठभाग मोठा, म्हणजे ती हवेत जायला वाट मोठी.

पण या सोसण्यालाही मर्यादा आहे. लायनर फार तापले की त्यातील राळेसारखा पदार्थ जळू लागतो आणि त्याची पकड ढिली पडते. ड्रमही तापून फुगतो, त्यामुळे शूला अधिक दूर सरकावे लागते. तेलाचे ब्रेक असतील, तर तेल उकळून त्यात बुडबुडे होतात. मग पाय खाली जातो, पण दाब पुढे पोचत नाही. सकाळी उत्तम लागणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर दगा देतो, तो असा.

यावर उपाय साधा आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा. मग चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि बराचसा भार इंजिन ओढून धरते. चार पैशांचे डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर हा आधार तुटतो. इंजिनच बंद केले, तर हवेच्या ब्रेकला हवा भरणारा पंपही थांबतो. वजन दीडपट भरले, तर उष्णताही दीडपट होते, हे माल भरतानाच ध्यानात घ्यावे. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. तेव्हा उसाची भरलेली ट्रॉली आवरण्याचा सगळा बोजा ट्रॅक्टरवर पडतो. रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असावेत, नाहीतर एकच चाक अडून ट्रॅक्टर वळतो.

आणि ब्रेकचा जळका वास आला, तर गाडी सुरक्षित जागी उभी करा, चाकाला दगड लावा आणि ड्रम आपोआप निवू द्या. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका. तो तडकण्याची भीती असते. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, बरं का. घरची माणसे तेवढी वाट पाहतील.