घोरण्याची थट्टा आणि हृदयाची लय

घोरणाऱ्याची थट्टा करण्याची रीत आपल्याकडे कुंभकर्णापासून चालत आली आहे. पाहुण्यांनी भरलेल्या घरात एखादे काका घोरू लागले, की मुले तोंडात पांघरुणाचा बोळा कोंबून हसतात आणि वडीलधारी म्हणतात, "काय गाढ झोप लागली आहे पाहा!" परंतु ती झोप गाढच असते असे नव्हे.

घोरता घोरता सूर एकाएकी तुटतो, काही क्षण सारे शांत असते आणि मग मोठा आचका देऊन श्वास परत येतो. अशा वेळी घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटलेली असते. छाती हवा ओढू पाहते, पण हवा आत येत नाही. त्या ओढीने हृदयाचे पातळ भिंतींचे वरचे कप्पे ताणले जातात. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, रक्तदाब उसळतो. श्वास निदान दहा सेकंद अडण्याचा वा अपुरा पडण्याचा हा प्रकार काही जणांत तासाला 30 हून अधिक वेळा घडतो. सकाळी त्या गृहस्थांना यातले काहीही आठवत नाही!

वर्षानुवर्षे असे चालले, की हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. ठोके वेडेवाकडे पडू लागतात. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर अर्धांगवायूचा झटका येतो.

यावर उपाय काय? 1981 साली सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे मंद दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती जगापुढे मांडली. उशाशी एक लहानसे यंत्र, एक नळी आणि नाकावर मुखवटा, एवढाच तिचा संसार. पुढे 2003 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी, विजेच्या धक्क्याने लय पूर्ववत केलेल्या काही रुग्णांची वर्षभराची हकिकत प्रसिद्ध केली. श्वासाच्या विकारावर योग्य उपचार न झालेल्यांपैकी शेकडा 82 जणांची लय पुन्हा बिघडली. उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण शेकडा 42 होते. मात्र रुग्ण थोडेच होते. नॉर्वेत 2021 साली चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून पाच महिने पाहिले, तेव्हा मुखवट्याने लयीत विशेष फरक पडल्याचे दिसले नाही.

तेव्हा मुखवटा म्हणजे हृदयाचे औषध नव्हे; तो मिळाला म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नयेत. पण रात्रीचा श्वास सुरळीत होतो, दिवसाची पेंग जाते, रक्तदाबही थोडा उतरतो. हा लाभ काय थोडा आहे?

या दुखण्याची मौज अशी, की रोगी झोपलेला असतो आणि साक्षीदार शेजारी जागा! तेव्हा गृहिणींनो, डॉक्टरांकडे यजमानांना एकटे धाडू नका. त्यांना विचाराल तर ते म्हणतील, "मला उत्तम झोप लागते." खरी हकिकत तुम्हीच सांगा. आणि गृहस्थहो, बायको रात्री अधिक घोरत असेल, तर हसू नका. श्वास थांबतो का, ते कान देऊन ऐका.