‘आता बसून खा’ म्हणण्यापूर्वी...



आपल्या वार्षिक सभेत पहिल्या दोन रांगांत कोण बसते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याचे शेअर्स गोळा करण्यासाठी ज्यांनी गावोगाव सायकली दामटल्या, ती मंडळी. अहवालाचे पान दुमडून ठेवून ‘विषय नंबर चारवर मला बोलायचं हाय’ म्हणून हात वर करणारीही तीच. अलीकडे या रांगांतल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या आहेत. काहीजण आपल्यातून गेले, त्याला इलाज नाही. पण काहीजण घरीच आहेत. डोके शाबूत आहे, कोणत्या साली किती भाव मिळाला हे तोंडपाठ आहे. फक्त घराचा उंबरा ओलांडवत नाही.

अशाच एका ज्येष्ठ सभासदांना भेटायला आम्ही मुद्दाम गेलो. वय ७८. अडसालीला रात्रीच्या पाळीत एकट्याने दारे धरणारा हा माणूस. मुलांनी चांगले घर बांधले, ओसरीवर आरामखुर्ची टाकली आणि म्हणाले, ‘आबा, लई केलंत. आता बसून खावा. आमी हाय की.’ आबा बसले. चहा जागेवर, जेवण जागेवर, पेपर जागेवर. दोन वर्षांत खुर्चीतून उठायला कुणाचा तरी हात लागू लागला. मग एका पावसाळ्यात न्हाणीत पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, हाड जुळले, पण उभे राहण्याचे बळ काही परत येईना. ‘वय झालं, चालायचंच,’ असे घरचे म्हणाले. आबा मात्र आम्हाला म्हणाले, ‘पडलो म्हणून पाय गेलं न्हाईत. पाय आधीच गेलं हुतं, म्हणून पडलो.’

आबांचे हे बोलणे ऐकून आम्ही घरी आलो आणि या विषयावर डॉक्टर लोकांनी काय संशोधन केले आहे ते शोधून वाचले. जे हाती लागले ते आबांच्या बाजूचे निघाले. म्हणून हा लेख.

तीन आठवड्यांची खाट

अमेरिकेत डल्लास या शहरी १९६६ साली एक प्रयोग झाला. वीस वर्षे वयाच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. चालायचे नाही, उभेही राहायचे नाही. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, म्हणजे दमसास किती आहे, हे आधी मोजले आणि नंतरही मोजले. तीन आठवड्यांत तो दमसास चौथ्या हिश्श्याहून अधिक घटला.

खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाचजणांना परत बोलावले. आता ते पन्नाशीचे झाले होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते. पुन्हा मोजमाप केले, तर तीस वर्षांच्या वयाने जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केलेले निघाले. मग त्यांना सहा महिने चालणे, हळूहळू पळणे आणि जागेवरची सायकल असा व्यायाम दिला. विसाव्या वर्षी खाटेवर पडण्याआधी जो दमसास होता, तिथपर्यंत ते परत आले.

म्हाताऱ्या माणसाचे तर याहून नाजूक. २००७ साली अमेरिकेतच साठी ओलांडलेल्या अकरा निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. या दहा दिवसांत प्रत्येकाच्या पायांतले सरासरी एक किलोच्या आसपास मांस गेले. रोग नाही, ताप नाही, जेवणखाण वेळेवर. नुसते पडून राहणे. आपल्याकडे साध्या तापाने आठ-दहा दिवस अंथरूण धरलेला म्हातारा माणूस ‘त्या तापापासनं उठलाच न्हाई’ असे आपण म्हणतो. दोष आपण तापाला देतो. अंथरुणाचा हिशेब कुणी मांडत नाही.

नव्वदीतले दहाजण

आता कुणी म्हणेल, गेले ते गेले, म्हातारपणी परत थोडेच येते? डॉक्टरांचीही बरीच वर्षे हीच समजूत होती. ती मोडली बोस्टन शहरातल्या एका वृद्धाश्रमाने. डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा वृद्धांना निवडले. सरासरी वय नव्वद. अशक्त, आजारी माणसे. त्यांना आठवडे आठ, आठवड्यातून तीन दिवस, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. तोही लुटुपुटीचा नव्हे. ज्याला पायाने जास्तीत जास्त दहा किलो उचलता येते, त्याला आठ किलो उचलायला लावायचे. ताकद वाढली की वजनही वाढवायचे.

दहापैकी नऊजणांनी व्यायाम पुरा केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांनी हातातली काठी सोडली. १९९० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा वैद्यकीय जगात मोठे आश्चर्य व्यक्त झाले. त्यातच एक इशाराही होता. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.

पुढे याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. सरासरी वय ८७. चार गट पाडले. एकाला नुसता व्यायाम, एकाला नुसते शक्तिवर्धक पेय, एकाला दोन्ही आणि एकाला यांपैकी काहीच नाही. १९९४ साली निकाल आला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याचे बळ वाढले. नुसते पेय पिणाऱ्यांच्या ताकदीत काही फरक पडला नाही. आपल्याकडे शहरातून येताना म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी टॉनिकची बाटली आणण्याची पद्धत आहे. माया खरी आहे, पण त्या बाटलीने पाय उभे राहत नाहीत.

खोडव्याचा दाखला

हे असे का होते? पन्नाशीनंतर आपल्या अंगातले मांस दरवर्षी साधारण एक टक्का या हिशेबाने कमी होत जाते. मणक्यातून स्नायूंकडे जाणाऱ्या काही नसा वयाने मरतात आणि त्यांच्या ताब्यातले स्नायूंचे धागे पोरके होतात. झटकन हालचाल करणारे धागे आधी बारीक होतात. पाय घसरल्यावर स्वतःला सावरायला नेमके तेच धागे लागतात. या झिजेला १९८८ साली आयर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाने ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचवले. २०१६ साली अमेरिकेच्या रोगांच्या अधिकृत यादीत तिला स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजे जिला आपण ‘वय झालं’ म्हणतो, तिची आता रोगांत गणना झाली आहे.

यातली काही झीज वयाची आहे, ती कुणाला चुकलेली नाही. पण बरीच झीज न वापरण्याची आहे. आपल्या खोडव्याचेच बघा. ऊस तुटून गेला की कित्येकजण पाचट पेटवून देतात, बुडखे छाटत नाहीत, खताचा हात आखडतात आणि टनेज घसरले की म्हणतात, ‘खोडवाच तो!’ शेजारचा शेतकरी पाचट ठेवतो, बुडखे जमिनीलगत छाटतो, वेळेवर खत-पाणी देतो आणि चांगला उतारा घेतो. खोडव्याची लागण होत नाही हे खरे. डल्लासच्या त्या पाचजणांनाही विशीत कसून व्यायाम केल्यावर जो दमसास आला होता, तो पन्नाशीत पुन्हा गाठता आला नाही. पण टाकून दिलेला खोडवा आणि राखलेला खोडवा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

‘आम्ही जन्मभर राबलो, आम्हाला कसला व्यायाम?’ असे पुष्कळ सभासद विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण तरुणपणी केलेले काम ही बिनपरतीची ठेव आहे, मंडळी! पावती हातात आहे, रक्कम काही मिळत नाही. स्नायूंकडे जुनी बाकी चालत नाही, चालू हप्ताच भरावा लागतो.

आपल्या देशातही हा विचार सुरू झाला आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरातल्या ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात रक्तदाबाबरोबर हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेगही मोजला. पुढे किती आजारपण वाट्याला येणार, याचा अंदाज या साध्या गोष्टींवरून बांधता येतो.

घरच्या घरी परीक्षा

अशी एक परीक्षा घरीही घेता येते. साधी सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घडी करून, हाताचा आधार न घेता पाचवेळा पुरते उभे राहावे आणि बसावे. घरच्या माणसाने शेजारी उभे राहून घड्याळ बघावे. आशियातील तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवल्याप्रमाणे बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पायांकडे लक्ष द्यायची वेळ झाली असे समजावे.

उपायही तिथूनच सुरू होतो. सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा खुर्चीतून उठणे-बसणे. आरंभी हाताचा आधार घ्यावा, पुढे कमी करावा. दाराची चौकट धरून टाचा वर उचलणे. बसल्या बसल्या घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधून पाय सरळ करणे, आणि जमू लागले की वाळू वाढवणे. शेजारी कुणी असताना एका पायावर क्षणभर उभे राहून तोल सांभाळणे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ६५ वर्षांवरील लोकांना चालण्याबरोबरच आठवड्यातून तीन दिवस असा ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम सांगितला आहे. २०१९ साली अशा १०८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. व्यायाम करणाऱ्या वृद्धांचे पडणे जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी झालेले दिसले.

मात्र ज्यांना हृदयविकार, रक्तदाब आहे, ज्यांचे नुकते ऑपरेशन झाले आहे किंवा जे पूर्वी पडलेले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे.

खाण्याचेही थोडे. व्यायामाशिवाय नुसते खाणे कामाचे नाही, तसा उपाशीपोटी व्यायामही कामाचा नाही. ‘म्हाताऱ्याला काय, दूध-भाकरी कुस्करून दिली की झालं’ ही रीत सोडली पाहिजे. स्नायू प्रथिनांनी बनतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने म्हाताऱ्या शरीराला लागतात. घट्ट वरण, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, शेंगदाण्याचे कूट, दूध-दही, चालत असेल तर अंडी, यांतले काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात असावे. दात नसतील तर मऊ शिजवून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. आणि न्हाणीतले शेवाळ खरवडून तिथे हाताला धरायला एक नळी बसवावी, रात्री दिवा असावा. खर्च फार नाही.

मायेची खुर्ची

आमचे खरे सांगणे आहे ते मुला-सुनांना. आई-वडिलांना कामाला लावले तर लोक नावे ठेवतील, ही भीती आपल्या मनात असते. त्यामुळे हातातली बादली काढून घेणे, तांब्या जागेवर नेऊन देणे, यालाच आपण सेवा समजतो. पण एकेक काम काढून घेतले की त्या कामापुरते बळही निघून जाते. ओझी वाहायला लावू नका. जनावरांना वैरण टाकणे, परसातल्या भाजीला पाणी घालणे, पाळी आली की बांधावर चक्कर मारून येणे, ही कामे त्यांची त्यांना राहू द्या. दुखणे-बाणे झाले तरी डॉक्टरांनी परवानगी देताच अंथरुणातून उठवा.

आबांकडे आम्ही दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ते पलंगाच्या काठावरून दिवसातून दोनदा उठ-बस करत होते. नातू मोजत होता. वॉकर घेऊन ते गोठ्यापर्यंत जातात, म्हशीच्या अंगावर हात फिरवून परत येतात. ऊस अजून लांब आहे. ‘ह्यो दोन वर्सं आधी कुणी सांगायचं हुतं,’ एवढेच ते म्हणाले.

ते आता ऐकून घेण्यासारखे दुसरे बरेचजण आपल्या घरोघरी आहेत. येत्या वार्षिक सभेला त्यांना अवश्य घेऊन या. गाडीतून आणा, उन्हाची छत्री धरा. पण मंडपाची पायरी त्यांची त्यांना चढू द्या. उशीर झाला तर सभा थोडी थांबेल. आपण फक्त शेजारी उभे राहा.