लोकमानसातील उंदीर : चोर, वाहन आणि मरीचा अग्रदूत

लहान उंदीर व मोठा उंदीर यांना इंग्रजीत दोन स्वतंत्र नावे आहेत. मराठीत तशी ती रूढ नाहीत. कणगीत शिरणारा इवलासा प्राणी आणि आढ्यावरून धावणारा मोठा प्राणी, हे दोन्ही मराठी माणसाच्या लेखी ‘उंदीर’च होत. जमीन पोखरणारी घूस तेवढी वेगळी मानली जाते. आणि चिचुंद्री ही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने कृंतक गणातील नसूनही लोकव्यवहारात उंदराच्याच गोतावळ्यात मोडते. ‘उंदीर’ हा शब्द संस्कृत ‘उन्दुर’पासून आलेला असून, ‘मूषक’ या शब्दाचा संबंध चोरणे या अर्थाच्या ‘मुष्’ धातूशी परंपरेने जोडला जातो. लोकमानसाने उंदराची ओळख त्याच्या आकारावरून न करता त्याच्या उद्योगावरून केली, हे यावरून ध्यानात येते. तो घरातला चोर आहे. पण घरातलाच आहे.

या चोराला वाटा देऊन शांत करण्याची कल्पना फार जुनी आहे. यजुर्वेदातील त्र्यंबकहोमात आखु, म्हणजे उंदीर, हा रुद्राचा पशू म्हटला असून, रुद्राच्या भागातील काही अंश उंदराने उकरलेल्या मातीत ठेवण्याचा विधी सांगितला आहे. रुद्राला त्याचा पशू नेमून दिला म्हणजे इतर पशूंना तो इजा करीत नाही, असे शतपथब्राह्मण त्याचे कारण देते. ग्रीक परंपरेत रोगाचे बाण सोडणाऱ्या अपोलोचे ‘स्मिन्थियस’ हे बिरुद मूषकवाचक मानले जाते. या दोन देवतांतील साम्य पाहून आंरी ग्रेग्वार या बेल्जियन पंडिताने १९४९ साली त्यांची तौलनिक चर्चा केली. तथापि प्राचीनांना उंदीर व साथ यांतील कार्यकारणभाव ठाऊक होता, असे अनुमान यावरून काढणे घाईचे ठरेल. ‘इलियड’च्या आरंभी वर्णिलेल्या साथीत प्रथम खेचरे व कुत्री मरतात, उंदीर मेल्याचा तेथे उल्लेख नाही.

पुराणकाळी हाच प्राणी गणेशाच्या पायाशी येतो. गणेशपुराणात क्रौंच नावाचा गंधर्व शापाने उंदीर होतो, पराशराच्या आश्रमाची नासधूस करतो आणि अखेर गणेशाच्या स्वाधीन होऊन त्याचे वाहन बनतो. मात्र गणेशाचे वाहन सर्वत्र उंदीरच आहे, असे नाही. त्याच पुराणातील मयूरेश्वर मोरावर बसतो, आणि मोरगावचे क्षेत्र त्याच अवताराचे आहे. मूषकाची कथा ही निर्दालनाची कथा नव्हे. उपद्रवी प्राण्याला येथे मारलेले नाही. त्याला काम नेमून दिले आहे.

कथावाङ्मयात उंदराला याहून वेगळे स्थान आहे. पंचतंत्रातील हिरण्यक उंच टांगलेल्या भिक्षापात्रापर्यंत सहज उडी मारतो. त्याच्या बिळाखालचे द्रव्य खणून काढल्यावर मात्र त्याची उडी खुंटते. बळ अंगाचे नसून धनाच्या उबेचे होते, हा त्यातील व्यवहारी बोध होय. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या उंदराच्या टोपीच्या गोष्टीत हा क्रम उलटा आहे. त्या उंदराजवळ सापडलेल्या चिंधीची टोपी आणि वाजवायला ढोलके, एवढेच असते. राजाने टोपी हिसकावली तर राजा भिकारी, आणि परत दिली तर राजा भित्रा! सत्तेने काहीही केले तरी तिची फजितीच व्हावी, असा हा शब्दांचा सापळा आहे. एरवी सापळ्यात सापडणारा प्राणी येथे स्वतः सापळा लावतो. मुलांना त्यातच गंमत वाटते.

चोर, वाहन आणि विदूषक या तिन्ही रूपांत उंदराशी सहवास गृहीत धरलेला आहे. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ सुरू झाली आणि या सहवासाचा अर्थ पालटला. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. ‘उंदीर पडू लागले’ हे वाक्य आता घर सोडण्याची सूचना ठरले. घरात मेलेले उंदीर दिसताच लोक रानात किंवा माळावर झोपड्या बांधून राहू लागले. गढवाल व कुमाऊँच्या डोंगराळ भागातील लोकही उंदीर मरताच गाव सोडीत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच झालेली होती.

लोकांनी हेरलेल्या या खुणेची उपपत्ती पुढे लागली. उंदीर मरून त्याचे शरीर थंड पडले की त्याच्या अंगावरील पिसवा नवा आश्रय शोधतात आणि माणसाला चावून रोगजंतू त्याच्या शरीरात सोडतात. पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने हे दाखविले. परंतु त्याचे मत तत्काळ स्वीकारले गेले नाही. १९०५ नंतर प्लेग आयोगाने केलेल्या संशोधनाने ते पक्के झाले. दरम्यान १८९७ साली पुण्यात रँडच्या अधिकाराखाली सैनिकांकरवी घरझडत्या, रोग्यांचे विलगीकरण आणि घरांचे निर्जंतुकीकरण यांवर भर देण्यात आला. त्यातून उसळलेल्या क्षोभाची परिणती २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाली. १८९६ नंतरच्या सुमारे पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने दगावली.

या इतिहासातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. मरी हा देवीचा कोप आहे, ही लोकांची उपपत्ती चुकीची होती. पण उंदीर पडताच घर सोडावे, ही त्यांची खूण बरोबर होती, कारण घराबरोबर पिसवाही मागे राहत. उलटपक्षी, अधिकाऱ्यांची दृष्टी घाण व संसर्ग यांवरच प्रामुख्याने खिळलेली असल्याने या खुणेला द्यावे तेवढे महत्त्व दिले गेले नाही. लोकसमजुतीतील निरीक्षण आणि त्यावर चढलेले स्पष्टीकरण या दोन भिन्न वस्तू होत. स्पष्टीकरण टाकाऊ ठरले म्हणून निरीक्षणही टाकून देणे, किंवा निरीक्षण खरे ठरले म्हणून स्पष्टीकरणाला शास्त्र मानणे, हे दोन्ही दोष सारखेच घातक आहेत. लोकसाहित्याचे संकलन करताना या दोहोंची नोंद निरनिराळी ठेवली पाहिजे. मूषकाच्या पौराणिक कथेत रोगविज्ञान शोधू नये. परंतु ‘उंदीर पडले’ या साध्या वाक्यात ते होते, याचा विसरही पडू देऊ नये.