रक्तातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता

मुळशी तालुक्यात पावसाळ्यात भाताची लावणी सुरू होते. चिखलात ओणवे राहून काम करणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका असतो. घोणसाचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड करते, तसेच मूत्रपिंडासही इजा पोहोचविते. अशा रुग्णाच्या रक्तातील युरिया व क्रिएटिनिन पुनःपुन्हा का तपासतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा अमोनिया विषारी असल्याने यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. हे चक्र क्रेब्ज व हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. क्रिएटिनिन स्नायूंतील क्रिएटिनपासून तयार होते व त्याची दैनंदिन निर्मिती बरीचशी स्थिर असते. मूत्रपिंडाची गाळणक्रिया मंदावली की दोन्ही द्रव्ये रक्तात साचतात.

युरियाच्या मापनासाठी युरिएज हे विकर वापरतात. क्रिएटिनिनसाठी याफे यांनी १८८६ मध्ये वर्णिलेली अभिक्रिया अद्याप प्रचलित आहे. आम्लारिधर्मी द्रावणात पिक्रिक आम्लाशी संयोग होऊन नारिंगी रंग येतो व त्याची तीव्रता मोजली जाते. पद्धत स्वस्त आहे. परंतु कावीळ झालेल्या रुग्णात ती प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवू शकते.

अहवाल वाचताना एक घोटाळा हमखास होतो. काही प्रयोगशाळा 'युरिया' देतात, तर काही 'बीयूएन', म्हणजे युरियातील केवळ नत्र. युरियाच्या ६० भागांत नत्र २८ भाग असल्याने बीयूएनला २.१४ ने गुणले असता युरिया मिळतो. एकीकडे बीयूएन २० आणि आठवड्याने दुसरीकडे युरिया ४३ आला, तर आजार दुपटीने वाढला असे वाटून घरात रडारड होते. वस्तुतः दोन्ही आकडे एकच सांगतात.

शरीरातील पाणी कमी झाले किंवा जठरात रक्तस्राव झाला, तरी युरिया वाढतो. क्रिएटिनिन त्या मानाने विश्वसनीय, पण तेही निर्दोष नव्हे. गाळणक्षमता जवळजवळ निम्मी घटेपर्यंत ते सामान्य मर्यादेत राहू शकते. कृश वृद्धेत स्नायूच कमी असल्याने ही फसगत अधिक होते. म्हणून वय व लिंग विचारात घेऊन सूत्राने गाळणवेगाचा अंदाज काढतात.

सर्पदंशात मात्र हे सूत्रही लागू पडत नाही, कारण ते क्रिएटिनिनची पातळी स्थिर आहे असे गृहीत धरते. मूत्रपिंडास इजा झाल्यावर ही पातळी वर चढण्यास एक-दोन दिवस लागू शकतात. त्यामुळे पहिल्या दिवशीचा सामान्य अहवाल पाहून रुग्णास घरी नेणे धोक्याचे आहे. त्या काळात लघवीचे प्रमाण मोजत राहणे आणि क्रिएटिनिन रोज तपासणे हेच योग्य होय.