शेजारच्या मांजराने वाफा उकरला? भांडणाआधी हे वाचा

दिवाळी झाली की परसात मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा टाकायची लगबग सुरू होते. संध्याकाळी वाफा करून बी टाकायचं आणि सकाळी बघायचं तर मधोमध खड्डा, बी विस्कटलेलं आणि मातीखाली मांजराची घाण. एकदा झालं तर माणूस सोडून देतो. रोज व्हायला लागलं की मग कुंपणावरून आवाज चढतो. विषय मांजराचा असतो, पण बोलता बोलता सांडपाणी, कोंबड्या आणि दहा वर्षांपूर्वीचा बांध असं सगळं बाहेर निघतं. काही जण तर विष घालायच्या गोष्टी करतात. तिथवर जायची गरज नाही. मांजर असं का वागतं हे समजून घेतलं तर बराचसा प्रश्न आठ-पंधरा दिवसांत सुटतो.

मांजर तुमच्याच वाफ्यात का येतं?

मांजराला घाण पुरायची सवय असते. त्यासाठी त्याला भुसभुशीत, कोरडी, पायाने सहज उकरता येईल अशी जागा लागते. अंगणात आता फरशी नाहीतर कोबा, रस्त्यावर सिमेंट. मग राहिलं काय? घरकुलाच्या कामाचा वाळूचा ढीग, राखेचा उकिरडा आणि तुमचा नुकताच खुरपलेला वाफा. पावसाळ्यात माती चिखलाची असते म्हणून मांजर वाफ्यात कमी येतं. पाऊस उघडला, माती वाळली आणि आपण ती मऊ केली की ते हजर होतं.

दुसरी गोष्ट वासाची. एकदा बसलेल्या जागी वास राहतो आणि त्या वासावर मांजर परत तिथंच येतं. म्हणून वरवर माती ओढून चालत नाही.

धोका नेमका कशाचा?

काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडतो. प्रत्येक मांजरात तो नसतो. ज्याला लागण होते ते मांजरही साधारण एक ते तीन आठवडेच तो बाहेर टाकतं. पण ओलसर, सावलीच्या मातीत तो अनेक महिने टिकून राहतो. निरोगी माणसाला लागण झाली तरी बहुतेक वेळा काही जाणवत नाही. खरी काळजी घ्यायची ती गरोदर बाईने. गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनाही जपावं लागतं.

मात्र घाबरून जाऊ नका. घरात मांजर आहे किंवा ते अंगाला घासून गेलं म्हणून हा रोग होत नाही. तो पोटात जातो तो मातीच्या हातातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा कच्च्या मांसातून. शिवाय विष्ठा बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे त्याच दिवशी घाण उचलली तर धोका बराच कमी होतो. पुढच्या गोष्टी पाळा:

- घाण रोजच्या रोज खुरप्याने किंवा फावड्याने उचला. हातात मोजा नसेल तर प्लास्टिकची पिशवी घाला.
- घराजवळ पण भाजीपासून आणि विहिरीपासून लांब फूटभर खड्डा करून त्यात पुरा. शेणखताच्या ढिगात टाकू नका.
- गरोदर बाईला हे काम देऊ नका. वाफ्यात खुरपायचंच असेल तर मोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.
- कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा, काकडी हे आपण कच्चं खातो. ते वाहत्या पाण्यात दोन-तीनदा नीट धुवा. शिजवलेल्या भाजीला हा धोका राहत नाही.
- लहान पोरं वाळूच्या ढिगात खेळत असतील तर ढीग ताडपत्रीने झाका. मांजराच्या घाणीतून जंतही पसरतात.

शेळ्या-मेंढ्या असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. हाच परजीवी शेळ्या-मेंढ्यांत गाभडण्याचं एक कारण आहे. मांजर भुशात किंवा भरड्याच्या पोत्यावर बसून घाण करतं आणि तेच गाभण शेळीच्या पोटात जातं. त्यामुळे वाफ्याआधी चारा आणि खुराक झाकून ठेवा. शेळ्या सारख्या गाभडत असतील तर कारणं दुसरीही असतात, पशुवैद्यकाला दाखवा.

वाफा वाचवायचा कसा?

मांजराला उकरायला मोकळी मऊ माती मिळू द्यायची नाही, एवढंच सूत्र आहे. खर्च फारसा नाही.

1. आधी वास काढा. घाण आणि तिच्या आजूबाजूची चार बोटं माती काढून टाका. त्या जागी भरपूर पाणी ओता.
2. बी टाकलं की वाफा झाका. कोंबडीची जाळी, जुनं शेडनेट, मच्छीमाराचं फाटकं जाळं काहीही चालतं. कडेने दगड ठेवा. जाळी जमिनीपासून वीतभर उंच धरली तर रोपं आरामात वर येतात.
3. जाळी नसेल तर काड्या. तुराट्या किंवा पऱ्हाट्या वाफ्यावर आडव्या-उभ्या टाका. दोन काड्यांत चार बोटांपेक्षा जास्त जागा ठेवू नका. पाय ठेवून उकरता येत नाही म्हटल्यावर मांजर दुसरी जागा बघतं.
4. काटे कडेला. बोराटी किंवा बाभळीची शिरी कुंपणाच्या फटीत लावा. वाफ्यात टाकू नका, खुरपताना आपल्याच हातात घुसते.
5. माती ओली ठेवा. मांजराला ओल्या मातीत पाय घालायला आवडत नाही. शक्य असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या.
6. मोठ्या रोपांत आच्छादन करा. वांगी, मिरची, टोमॅटोच्या बुंध्याशी उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या किंवा खडे टाका. पाण्याची ओलही टिकते.

एकदा पीक दाट झालं की मांजर फारसं आत शिरत नाही. म्हणजे जपायचे ते पहिले पंधरा-वीस दिवस.

संत्र्या-लिंबाच्या साली टाकल्या तर त्या वासाने मांजर थोडं लांब राहतं, पण साल वाळली की उपयोग संपतो. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या अनेक अंगणांत दिसतात. त्याच्याशेजारीच मांजर झोपलेलंही दिसतं.

हे करू नका

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या मांजराला विषारी आहेत आणि खडीसाखर समजून लहान पोर तोंडात घालू शकतं. फिनेल मातीत ओतू नका, मांजराला ते फार बाधतं आणि वाफ्याचंही भलं होत नाही. मिरचीची पूड वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत जाते. घरात फोरेटची जुनी पुडी असेल तर तिला हातही लावू नका. या औषधाच्या वापरावर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. विषाचा घास मांजरच खाईल असं नाही. कुत्रं, कोंबडी, उद्या एखादं मूलही खाऊ शकतं.

मांजर हाताने पकडायला जाऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. मांजरापासूनही रेबीज होतो. जखमेवर हळद, चुना लावत बसू नका.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर काशीला दान करावं लागतं. आताचा कायदा सोनं मागत नाही, पण सोडतही नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा वेगळाच. पाळलेलं मांजर पोत्यात घालून उपाशी मरायला लांब सोडून येणं हेही त्या कायद्यात बसतं. त्याचा उपयोगही होत नाही. एक मांजर गेलं की मोकळ्या जागेत दुसरं येतं, आणि धान्याच्या कणगीपाशी उंदीर वाढतात ते वेगळंच.

शेजाऱ्याशी बोलायचं कसं?

घाण बघून डोकं तापलेलं असताना जाऊ नका. संध्याकाळी चहाच्या वेळी जा. "तुमच्या मांजराने वाट लावली" असं म्हणण्यापेक्षा "वहिनी, मांजर वाफ्यात बसतंय, काहीतरी मार्ग काढू या" असं म्हटलं तर समोरचा ऐकतो. जमलं तर त्यांना वाफा दाखवा. कित्येकदा मालकाला आपलं मांजर कुठं जातं हे माहीतच नसतं.

मग त्यांच्याकडे दोन गोष्टी मागा. पहिली, त्यांच्या परसात आडोशाला दोन बाय तीन फुटांची जागा मऊ वाळू किंवा कोरड्या मातीने भरून द्यायची. सुरुवातीला तुमच्या वाफ्यातली थोडी वासाची माती तिथं टाकली तर मांजराला जागा कळते. ती जागा मालकाने रोज साफ करायची. दुसरी, मांजराची नसबंदी. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोन-तीन वेत होतात. आज एक मांजर असेल तर पुढच्या वर्षी सात-आठ होतात. ही सोय कुठं आहे ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. खर्च येणार असेल तर दोन्ही घरांनी वाटून घेतला तरी बिघडत नाही, फायदा दोघांचाच आहे.

एवढं करूनही समोरचा दाद देत नसेल तर गावातल्या तंटामुक्त समितीपुढे विषय ठेवा. ही मोहीम 2007 पासून असल्याच छोट्या वादांसाठी आहे. पण तोवर जाळी टाकायची थांबू नका. समितीची बैठक व्हायला वेळ लागेल, मेथी चार दिवसांत उगवते.